गाडीच्या कार्पेटवर तेल सांडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशकात गाड्यांची आतून साफसफाई करतो. दिवाळीआधी लाकडी घाण्यावरून आणलेला कॅन कलंडतो, शनिवारी शिंगणापूरला निघालेल्यांची तेलाची बाटली मागच्या सीटखाली घरंगळते, सातपूर-अंबडच्या कंपनीतून निघताना ऑइलचा डबा घाईत आडवा पडतो, निफाड-पिंपळगावकडे फवारणी पंपात घालायचं ऑइल सांडतं. फोनवर येणारे प्रश्न मात्र तेच ते. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर १ आणि २ वाचा, बाकीचं सावकाश.

१. आत्ताच तेल सांडलंय. सगळ्यात आधी काय करू?

गाडी सपाट जागी लावा आणि आधी बाटली किंवा कॅन उभा करून बाहेर काढा. बरेच जण सांडलेलं पुसत बसतात आणि कॅन शेजारी गळतच असतो. मग फूटमॅट वाकू न देता, आडवीच्या आडवी उचला. कडा उंच असलेली रबरी मॅट असेल तर बरंचसं तेल तिच्यातच साठलेलं असतं. ते कडेनं ओघळलं की काम दुप्पट.

आता कार्पेटवर वर्तमानपत्राच्या घड्या किंवा जुनं सुती कापड ठेवा आणि तळहातानं, जमल्यास टाचेनं, दाबून धरा. पुसायचं नाही, टिपायचं. घासलं की तेल धाग्यांच्या मुळाशी उतरतं आणि डाग रुंदावतो. कडेकडून मध्याकडे या, कागद बदलत राहा. कागदावर ओला ठसा उमटेनासा झाला की प्रश्न ३ कडे वळा. तोवर पाण्याचा थेंबही नको.

२. ड्रायव्हरच्या पायाशी सांडलंय. घरापर्यंत चालवत नेली तर चालेल ना?

आधी पेडल आणि बुटांचे तळवे साफ होऊ द्या, मग न्या. कार्पेटचा डाग आठवडाभर थांबू शकतो, ब्रेकवरून सटकलेला पाय थांबत नाही. कसारा घाटात किंवा नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत हे तपासायची वेळ येऊ नये.

पेडलचं रबर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि ओलं फडकं घेऊन पुसा, त्याच्या खाचांतून नख फिरवा, मग कोरडं करा. रबर चमकावणारं पॉलिश पेडलला कधीच लावू नका, तेही तेलाइतकंच निसरडं. तेलकट मॅट काढून टाका, पण तिच्या जागी घरातलं पायपुसणं किंवा गोणपाट टाकू नका, ते सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकतं. कार्पेटवर कोरडा पुठ्ठा टाकला तरी तोच धोका. थोडा वेळ उघड्या कार्पेटवर पाय ठेवून चालवणं बरं.

३. तेल शोषायला काय टाकू? पीठ चालतं का?

कॉर्नफ्लॉर, खाण्याचा सोडा, साधी टाल्कम पावडर, यांपैकी घरात असेल ते. जास्त सांडलं असेल तर सुताराकडचा कोरडा भुसा, तो स्वस्तही पडतो आणि भरपूर टाकता येतो. आमची पसंती मुलतानी मातीला. लोकरीतली चरबी काढायला ही माती जगभर पूर्वापार वापरत आले आहेत, आणि तेल ओढण्यात ती आजही मागे नाही. फक्त दोन पथ्यं: फिक्या रंगाच्या कार्पेटवर नको, आणि पाणी लागण्याआधी ती पूर्ण निघायला हवी, नाहीतर गाडीत चिखल होतो.

कणीक आणि बेसन टाळा. ओल लागली की त्यांचा लगदा होतो आणि धाग्यांत चिकटून बसतो. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती तेल फारसं पीत नाही. रंगीत असेल तर नवा डाग. चुना हाताला आणि डोळ्यांना घातक, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पावडर शिंपडायची नाही, बोटभर जाडीचा थर द्यायचा आणि वरून हलकं दाबायचं. लहान डागाला तासभर पुरतो, मोठ्याला रात्रभर लागते. सकाळी थर पिवळसर आणि ओला, गोळे झालेला दिसेल. तो पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा, उरलेला व्हॅक्यूमनं ओढा आणि नवा थर द्या. पावडर टाकली तशीच कोरडी, भुरभुरीत निघाली की थांबा. पहिल्या थरावर समाधान मानणारे लोकच आम्हाला आठवड्यानं पुन्हा फोन करतात. (सांडलेलं पेट्रोल असेल तर व्हॅक्यूम लावू नका, प्रश्न ११ पाहा.)

४. पावडरनं बरंच निघालं, पण ओशटपणा आणि डाग राहिलाय. आता?

आता पाण्याची पाळी, तीही मोजून. कपभर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा. आधी सीटखालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग उतरत नाही ना ते बघा. मग फडकं बुडवून पिळा आणि डागावर थापटा. द्रावण ओतायचं नाही. जुन्या टूथब्रशनं धाग्यांची टोकं हलकेच फिरवा, लगेच कोरड्या कापडानं टिपा. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पण धरलेलं तेल उचलून घेणारं कापड नसेल तर ते तिथेच पुन्हा बसतं. म्हणून थापटणं कमी, टिपणं जास्त.

शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं साबण काढा, फेस येईनासा होईपर्यंत. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. राहिलेला साबण चिकट असतो, धूळ ओढतो आणि महिन्याभरात त्याच जागी काळा गोल उमटतो. मग लोकांना वाटतं, तेल परत आलं. पाणी खेचणारा वेट व्हॅक्यूम मिळाला तर इथे वापरा. घरातला साधा व्हॅक्यूम ओल्यावर चालवू नका.

५. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की डाग उकळून वर येतो म्हणतात.

फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून मोकळे होतात, तेल जागेवर राहतं. कोरडा सोडा शोषायला चांगला, तेवढंच त्याचं काम. लिंबाचंही तेच.

६. पेट्रोल, थिनर, रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० मारलं तर?

नको. गॅरेजमधला पोऱ्या पार्ट धुताना पेट्रोल वापरतो ते उघड्यावर आणि लोखंडावर. गाडीत ते तेलाला पातळ करून आणखी खाली नेतं, कार्पेटच्या पाठीचा चिकट थर सोडवतं आणि पत्र्यावरचं, आवाज दाबणारं डांबरी शीट मऊ करतं. वर बंद जागेत वाफ. डब्ल्यूडी-४० मध्ये स्वतःच तेल असतं, ते मारून एका डागाचे दोन करण्यात अर्थ नाही.

मशीनच्या किंवा इंजिनच्या ऑइलचा शेवटचा पुसट डाग साबणाला दाद देत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या कापडावर घेऊन, चारही दारं उघडी ठेवून, टिपत वापरता येतं. कोपऱ्यातली चाचणी इथेही हवीच. सीटबेल्टच्या पट्ट्याला मात्र कोणतंही सॉल्व्हंट लावू नका. पट्ट्यावर तेल उडालं असेल तर सौम्य साबणपाणी आणि सावलीत वाळवणं, बस.

७. अर्धा-एक लिटर गेलंय. वरून साफ करून भागेल का, की कार्पेट उचलावं लागेल?

आमचा ठोकताळा असा: चहाच्या कपापेक्षा कमी गेलं असेल तर वरून भागतं, जास्त असेल तर उचला. किती गेलं ते कार्पेटकडे बघून ठरवू नका, कॅनकडे बघा. पाच लिटरच्या कॅनमध्ये चार उरलं असेल तर बाकीचं एक लिटर गाडीतच आहे, मग वरचा डाग कितीही लहान दिसो.

वर दिसतं ते नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पातळ कार्पेट. त्याखाली फेल्ट किंवा फोमचा जाड थर, आवाज आणि उष्णता अडवायला. त्याखाली बऱ्याच गाड्यांत डांबरी शीट, आणि मग रंगवलेला पत्रा. कार्पेट स्वतः फार तेल धरत नाही, फेल्ट धरतो. कार्पेट उचललं की नेहमी दिसतं ते असं: वरचा डाग पंजाएवढा, आणि खालचा फेल्ट सीटच्या रुळापर्यंत गडद, बोट दाबलं की खड्ड्यात तेल जमतंय. पत्र्याच्या खोलगट भागात, बहुधा टाचेखाली, चकाकणारं थारोळं. ते वरून कितीही सोडा टाकला तरी निघणार नव्हतं.

उचलायचं कसं? दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी क्लिपांवर असते, ती वर ओढली की निघते. पुढच्या बाजूचं पायाजवळचं कव्हर काढलं की कार्पेटची कड मोकळी होते. फक्त कडेशी सांडलं असेल तर इतकंच पुरतं. कड वर धरून खाली लाकडाचा ठोकळा द्या, फेल्टमध्ये वरून-खालून जुने टॉवेल दाबा आणि पत्रा साबणपाण्यानं पुसून लख्ख कोरडा करा.

तेल सीटखाली गेलं असेल तर सीट काढावी लागते, आणि हे काम आम्ही घरी करायला सांगत नाही. सीटखाली एअरबॅगची जोडणी असते, बऱ्याचदा पिवळ्या रंगाची. इग्निशन चालू असताना ती सुटली की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनर लावूनच विझवावा लागतो. जाणकार आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतो, काही मिनिटं थांबतो, मग जोडणीला हात लावतो. सीटचे बोल्टही अंदाजानं आवळायचे नसतात, कंपनीनं दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे मोजलेल्या जोरानं, आवळायचे असतात. अपघातात तुम्हाला जागेवर धरणारे बोल्ट आहेत ते.

तेल प्यालेला फेल्ट धुऊन पूर्ववत होत नाही, हे स्पष्ट सांगतो. धुतला तर जाड फेल्ट आठवडाभर वाळत नाही आणि वास राहतोच. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीचा नवा बसवणं शहाणपणाचं. नुसता काढून टाकू नका, तिथे कार्पेट खचतं आणि आवाज वाढतो.

८. डाग पूर्ण गेला होता. चार दिवसांनी त्याच जागी परत दिसतोय. साबण कमी पडला का?

साबणाचा दोष नाही. वरचे धागे कोरडे झाले आणि खालच्या फेल्टमधलं तेल समईच्या वातीसारखं त्यांतून वर चढलं. कोरडं कॉर्नफ्लॉर, त्यावर कागदाची जाड घडी, त्यावर एखादं वजन, असं दोन-तीन रात्री ठेवा. जे वर येतंय ते कार्पेटऐवजी कागदात जाऊ द्या. त्यानंतरही येत असेल तर खाली साठा मोठा आहे, प्रश्न ७ पाहा. (डाग ओशट नसून नुसता काळपट असेल तर तो साबणाचा आहे, प्रश्न ४ मधला शेवटचा टप्पा पुन्हा करा.)

९. कोणतं तेल सांडलं यानं काही फरक पडतो का?

पडतो, बऱ्यापैकी.

शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई: हवेशी संयोग होऊन ही खवट होतात आणि हळूहळू चिकट. ताजी असताना सोपी, महिन्यानं हट्टी.

खोबरेल आणि तूप: खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीच्या सकाळी, निफाडकडे पारा एक आकडी असतो तेव्हा, ते कार्पेटवर पांढरं, मेणचट होऊन बसलेलं असतं. वितळवू नका! प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, निम्मं काम तिथेच होतं. उन्हाळ्यात वरून प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ ठेवून तसंच गोठवून घ्या.

इंजिन ऑइल: नवीन असेल तर नेहमीची पद्धत. वापरलेलं काळं ऑइल म्हणजे तेलात काजळी, तिचा करडा छप्पा फिक्या कार्पेटवर बहुधा कायमचा राहतो. गिअर ऑइलचा उग्र वास त्यातल्या गंधकयुक्त घटकांचा असतो, तिथे फेल्ट बदलण्याची तयारी ठेवा.

कटिंग ऑइल (कारखान्यात धातू कापताना वापरतात ते): पाण्यात मिसळून दुधाळ होणारं असेल तर नशीबवान आहात, ओल्या कापडानंच बरंच निघतं.

ब्रेक ऑइल: नावाला ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव पाण्यात विरघळतात, त्यामुळे टिपून झाल्यावर थेट ओल्या फडक्यानं काढा. पण उंबऱ्याच्या रंगावर थेंब पडला असेल तर आधी तो धुवा, कारण हे द्रव रंग खातात.

१०. पार्सल मिसळीचा रस्सा सांडला. तर्रीचा लाल-पिवळा डाग जाईल का?

रविवारी दुपारचा हमखास प्रश्न. रश्श्यात तेल, पाणी, वाटण आणि हळद असं सगळंच असतं. आधी कांदा-मटकीचा चोथा चमच्यानं उचला, एक दाणाही सीटच्या रुळात राहू देऊ नका. मग टिपणं, पावडर, साबणपाणी याच क्रमानं (१, ३, ४). मिरचीचा लाल रंग तेलात मुरलेला असतो, तो तेलाबरोबर बराचसा निघतो.

हळद मागे राहते. सोडा किंवा साबण लागला की ती एकदम लालभडक होईल. घाबरू नका, हळदीचा तो गुणधर्म आहे. साबण निघून गेला की पुन्हा पिवळी होते. तो पिवळा डाग उन्हात फिका पडतो. दार उघडं टाकून ऊन थेट डागावर येईल अशी गाडी लावा, दोन-चार दुपारी पुरतात. काचेतून येणारं ऊन कमी पडतं. लोणच्याच्या बरणीलाही हेच लागू, फक्त तिथे तेल जास्त आणि मीठही. मीठ पत्र्याला गंज चढवतं, म्हणून भरपूर सांडलं असेल तर कड उचलून खाली बघाच.

११. पेट्रोल किंवा डिझेल सांडलं असेल तर?

पेट्रोलला वरचं काहीही लागू नाही. गाडी उघड्यावर, चारही दारं आणि डिकी उघडी, इंजिन बंद, बिडी-सिगारेट लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती पायाशीच साचते. व्हॅक्यूम आणि हेअर ड्रायर लावू नका, मोटारच्या ठिणगीवर भडका उडू शकतो. कापडानं टिपा, कापडं बाहेर मोकळ्यावर पसरा, वास पूर्ण जाईपर्यंत गाडी चालू करू नका.

डिझेल इतकं झटकन पेटत नाही, पण त्याचा वास चिवट. पद्धत इंजिन ऑइलचीच; वास राहिला तर प्रश्न १२.

१२. डाग दिसत नाही, पण ऊन तापलं की खवट वास येतो.

वास येतोय म्हणजे तेल आहे. एप्रिलमध्ये बंद गाडी तापली की खाली मुरलेलं तेल आणखी लवकर खवट होतं आणि दार उघडताच नाकात जातं. परफ्यूम, कापूर, डांबराच्या गोळ्या यांनी दोन वास होतात, एकही जात नाही. आधी साठा शोधा (प्रश्न ७), तो काढल्यावर उरलेल्या वासाला वाटीभर सोडा किंवा ॲक्टिवेटेड चारकोलची पिशवी रात्रभर ठेवा. उलट क्रमानं केलं तर पैसे वाया.

१३. पावसाळ्यात सांडलंय. ओलं कार्पेट वाळवायचं कसं?

शक्य असेल तर पावसाळ्यात पाणी वापरूच नका. पावडरवर भागवा, साबणपाणी उघडीप बघून. आधीच ओलं केलं असेल तर एसी आणि हीटर एकत्र, आतली हवा फिरवणाऱ्या बटणावर, अर्धा तास चालवा; एसी हवेतली ओल ओढतो. गाडी उघड्यावर लावूनच हे करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. नंतर घरातला टेबल फॅन दारातून आत फुंकत ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या ग्राहकांच्या गाड्यांत तेलापेक्षा बुरशीनं जास्त कार्पेटं घालवली आहेत.

१४. डिकीत सांडलंय. तिथेही असंच?

डिकी सोपी. तिचं कार्पेट बहुतेक गाड्यांत सुट्टं किंवा पुठ्ठ्याच्या फळीवर चिकटवलेलं असतं. सुट्टं बाहेर काढून साबणानं धुता येतं. फळीचं असेल तर फार पाणी नको, पुठ्ठा फुगतो. खरं तेल असतं स्टेपनीच्या खळग्यात. स्टेपनी बाहेर काढा, खळगा टिपून पुसा, टायरला इंजिन ऑइल लागलं असेल तर साबणानं धुवा, कारण खनिज तेलानं रबर फुगतं आणि सैल पडतं. खळग्यात रबरी बूच असेल तर ते उघडून तेल रस्त्यावर सोडू नका, मागून येणारा दुचाकीवाला घसरेल. सीएनजी गाडीत टाकीच्या नळ्या-जोडण्यांना हात न लावता आजूबाजूनं पुसा.

१५. वॉशिंग सेंटरवाले म्हणतात, प्रेशरनं पाणी मारून तासात साफ करून देतो. देऊ का?

देऊ नका. जोरात मारलेलं पाणी तेलाला फेल्टमध्ये ढकलतं आणि स्वतःही तिथेच राहतं. कार्पेटखालून वायरिंग जातं, काही गाड्यांत कंट्रोल युनिटही तिथेच असतं. वाफ मारणंही टाळा, गरम तेल पातळ होऊन खाली उतरतं. त्यांना एकच विचारा: "कार्पेट उचलून दाखवाल का?" "गरज नाही" म्हणाले की पुढे निघा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत तर हाय व्होल्टेजच्या नारिंगी रंगाच्या केबलजवळ कुणालाही पाणी मारू देऊ नका, तिथे थेट कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

१६. इन्शुरन्समध्ये बसेल का?

क्लेम मंजूर झाला तरी गणित बघा. पॉलिसीतली सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, लहान गाडीला १,००० रुपये, १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००. शिवाय २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. फेल्टच्या तुकड्यासाठी हे परवडत नाही.

१७. तेलकट फडकी, कागद आणि पावडर कुठे टाकू?

फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात ठेवू नका. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं हवेशी संयोग होताना उष्णता सोडतात आणि बोळ्यात ती कोंडून कापड आपोआप पेटू शकतं. खाण्याच्या तेलाची फडकी ढिगानं ठेवली तरी जोखीम असते. मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून पिशवीत बांधा आणि सकाळी घंटागाडीत द्या. पावडरही पिशवीत बांधूनच.

बाटलीभर जमलेलं वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं, ते गॅरेजवाल्याकडे द्या. गटारीत ओतलेलं फिरून गोदावरीतच जातं.

१८. जुनी गाडी घेतोय. आत कधी तेल सांडलं होतं का, कसं ओळखू?

दुपारच्या उन्हात काचा बंद करून अर्धा तास ठेवायला सांगा आणि दार उघडल्या उघडल्या नाक आत घाला. मग दोन्ही पुढच्या सीट मागे सरकवा, पायाशी पांढरा टिश्यू ठेवून चमच्याच्या पाठीनं मिनिटभर दाबा. उजेडात धरल्यावर पारदर्शक ठिपका दिसला तर तेल आहे. उंबऱ्याची पट्टी सैल असेल किंवा एकाच सीटच्या बोल्टवर ताजे पान्याचे ओरखडे असतील तर का उघडलं होतं ते विचारा. डिकीची फळी उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. गाडीत तीन-तीन परफ्यूम लटकत असतील तर ते काढायला लावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला जा.